हात पोचला पाहिजे

चॅरिटी शॉपमधल्या खेळण्यांच्या खोक्यातून काहीही उचललं की मी आधी ते उलटं करते. खालच्या बाजूला, बॅटरीच्या झाकणाशेजारी नाहीतर एखाद्या कोपऱ्यात, प्लास्टिकची जात बारीक अक्षरांत उमटवलेली असते. एबीएस असेल तर डोळे मिटून घ्यायचं. पीपी असेल तर विचार करायचा, कारण त्यावर रंग बसत नाही, नखाने सोलून निघतो. आणि बोटाला मऊ, जरासं तेलकट लागलं, तर ते कितीही देखणं असो, मुकाट्याने परत ठेवायचं.

हे मला एका गुलाबी राजवाड्याने शिकवलं. बाहुलीचा राजवाडा, एक मनोरा गायब, भिंतींवर चमकीची फुलं. तीन पौंडांना मिळाला. दुकानातल्या आजी पिशवीत भरताना म्हणाल्या, "मुलगी खूश होईल हं." मला मुलगी नाही. मुलगा आहे, तो तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि त्याला त्याच्या क्लबमधल्या युद्धाच्या खेळासाठी पडका किल्ला हवा होता. राजवाड्याची उंची, बुरुजांची गोलाई, कमानी, सगळं मनासारखं होतं. घरी येऊन मी त्यावर काळा स्प्रे मारला. भिंती रात्रीत वाळल्या. छपरं मात्र वाळेनात. आठवडा गेला, तीन आठवडे गेले, बोट टेकवलं की ठसा उठायचा. मऊ व्हिनाइलमध्ये ते लवचीक राहावं म्हणून तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू वर येतं आणि रंगाला पुरता वाळू देत नाही, हे मला त्यानंतर कळलं. शेवटी छपरं कापून काढली आणि सीरिअलच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून एकेक कौल कापून नवी शाकारली. कौलं साडेचारशेच्या वर गेली. तो किल्ला अजून क्लबात आहे आणि बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा त्या कौलांवरच जाते.

नॉटिंगहॅमला आम्ही २००६ साली आलो. नवऱ्याची नोकरी इथली. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. साताऱ्यात शिकले तेच काम इथे मिळालं: कवळ्या, कॅप, प्लास्टरचे साचे. त्यामुळे सुरी, कानस आणि प्लास्टर या गोष्टी हाताला नव्या नव्हत्या. पण खेळण्यांमधून डोंगर, भिंती, पडकी घरं उभी करण्यात आयुष्यातली तेरा-चौदा वर्षं जातील, असं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल. समोरासमोर दोन खेळाडू, प्रत्येकाची रंगवलेल्या छोट्या सैनिकांची फौज. पट नाही, घरं नाहीत. सैनिक किती सरकेल ते टेपने मोजायचं, घाव बसला की नाही ते फाशांवर ठरवायचं. आणि टेबलावर जी जमीन असते, टेकड्या, कुंपणं, झाडी, नदी, पडके वाडे, तिला म्हणतात टेरेन. कोण कोणाला दिसतो, कोण कशाआड लपतो, हे सगळं त्या टेरेनवर अवलंबून. नॉटिंगहॅम या खेळाचं एक मोठं ठाणं आहे. वॉरहॅमर हा खेळ १९८३ साली निघाला, तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्य ऑफिस इथेच लेंटन भागात आहे. आजूबाजूला सैनिक ओतणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या इतक्या, की या पट्ट्याला लोक 'लेड बेल्ट' म्हणतात, कारण पूर्वी हे सैनिक शिशाच्या मिश्रधातूचे असायचे.

खेळण्यांपासून टेरेन करणं ही मात्र पैसे वाचवायला काढलेली पळवाट आहे, असं कोणी समजू नये. एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात घराच्या जमिनीवर खेळायच्या लढाईचे नियम दिले. त्या लढाईतली घरं आणि भिंती पोरांच्या लाकडी ठोकळ्यांच्या होत्या. म्हणजे सुरुवातच खेळण्यांच्या खोलीतून झालेली आहे.

मुलाचा क्लब चर्चच्या हॉलमध्ये भरतो, दर गुरुवारी संध्याकाळी. २०१२ साली तो अकरा वर्षांचा होता, त्याला एकट्याला सोडायला मन होत नव्हतं, म्हणून मी कोपऱ्यात पेपर वाचत बसायचे. टेबलावर हिरवी चादर, चादरीखाली पुस्तकं ठेवून केलेल्या टेकड्या, घर म्हणून बिस्किटांचा डबा. दोन-चार विकतच्या भिंती होत्या, त्यांचे कोपरे उडालेले. एक दिवस मी त्यातली एक भिंत घरी आणली, प्लास्टर लावून नीट केली, रंगवली आणि पुढच्या गुरुवारी जागेवर ठेवली. खेळ चालू असताना एकाने ती हातात घेतली, फिरवून बघितली आणि मान वर करून हॉलभर नजर टाकली, कोणी केलं हे बघायला. त्या नजरेसाठी मी दुसरी भिंत केली. हे मान्य करायला मला काही वाटत नाही.

राजवाड्यानंतर माझा सगळा भर रंगावर होता. खेळणं खेळण्यासारखं दिसू नये, एवढीच धडपड. पण रंग उत्तम बसूनही काही घरं खोटीच वाटायची आणि कारण कळायचं नाही. ते सांगितलं क्लबातल्या एका निवृत्त गवंड्याने. चाळीस वर्षं विटा रचलेला माणूस. त्याने माझ्या घरापुढे एक सैनिक उभा केला आणि म्हणाला, "याला हे दार उघडता येईल का?"

आमचे सैनिक २८ मिलीमीटरचे. म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंत २८, शिरस्त्राण आणि पायाखालची चकती धरून साडेतीन सेंटिमीटर. त्याला दार लागतं चार सेंटिमीटरचं. माझ्या घराचं दार होतं नऊ सेंटिमीटरचं, कारण ते खेळणं साडेसात सेंटिमीटरच्या बाहुल्यांसाठी बनवलेलं. घर केवढं आहे हे माणूस घराकडे बघून ठरवत नाही. दार, पायरी आणि कठडा या तीन गोष्टींवरून ठरवतो, कारण या तिन्हींशी आपलं अंग रोज भिडतं. या तीन बदला, बाकीच्याला हात लावला नाही तरी चालतं. नऊ सेंटिमीटरचं दार बुजवून तिथे चार सेंटिमीटरचं केलं की तेच घर क्षणात दुमजली होतं.

पण किल्ल्याचा दरवाजा कसा बुजवायचा? किल्ल्याला दरवाजा मोठाच हवा. ते आठ दिवस डोक्यात घोळत होतं, आणि लॅबमध्ये एका कवळीचा साचा ओतताना एकदम आमच्या साताऱ्याच्या गल्लीतला जुना वाडा आठवला. मोठा दरवाजा वर्षातून एखाद्या वेळी, लग्नाकार्याला उघडायचा. येरवी सगळ्यांची ये-जा दिंडीतून, त्या मोठ्या दाराच्या पोटातल्या छोट्या दारातून, मान लववून. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजालाही तशी दिंडी आहे. मी खेळण्याचं नऊ सेंटिमीटरचं दार तसंच ठेवलं, त्यावर टाचण्यांच्या डोक्यांचे खिळे ठोकले आणि एका फळीत चार सेंटिमीटरची दिंडी कापली. एवढं केल्यावर दरवाजाचा आकार चूक वाटायचा थांबला आणि दरारा वाटायला लागला. गवंडीबुवांनी दिंडी हा शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. आता क्लबात सगळे तोच शब्द वापरतात, द आणि डच्या मधला कुठला तरी उच्चार करून.

इथे आल्यावर मी या कामात किती गोष्टी नव्याने शिकले असं समजत होते, आणि त्यातल्या कितीतरी मला ठाऊकच होत्या. टेकड्या करायची इथली पद्धत अशी: वर्तमानपत्राचे बोळे रचायचे, त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेल्या पट्ट्या पसरायच्या. क्लबातल्या एकाने मला ते करून दाखवलं तेव्हा मी बघतच राहिले. दिवाळीत आम्ही अंगणात किल्ला करायचो तो असाच. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट. गोणपाट चिखल धरून ठेवतं, भेगा पडू देत नाही, आणि त्याच्या चुण्या आपोआप डोंगराच्या सोंडा होतात. मग मोहरी आणि हळीव पेरायचं, चार दिवसांत गवत. पट्ट्यांच्या चुण्या सपाट न करता त्यांना खालच्या दिशेने ओढायचं, म्हणजे पाणी जिथून वाहील तिथे घळ पडते, हे मी त्या दिवशी त्याला दाखवलं. त्याने कधी तसं केलं नव्हतं.

२०१६ च्या दिवाळीत साताऱ्याला गेले होते. भावाचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. अंगणात त्याचा किल्ला झाला होता, वर सिंहासनावर महाराज, पायथ्याशी मावळे, गुहेत वाघ, भाजीवाली. माझी नजर सवयीने दाराकडे गेली. वरचा दरवाजा मावळ्याच्या गुडघ्याएवढा. मी म्हटलं, "अरे, दार फार लहान झालंय, मावळा आत कसा जाणार?" तो म्हणाला, "आत्या, दार लहान नाहीये. लांब आहे."

मी खाली बसले, मावळ्याच्या उंचीवर डोळे आणून बघितलं. खरंच लांब होतं. परत आल्यावर मी टेबलाच्या कडेला, जिथे सैनिक कधी जात नाहीत तिथे, मागे ठेवायला घरांची एक रांग केली. मागची घरं पुढच्यांपेक्षा लहान, त्यामागची आणखी लहान, त्यासाठी छोट्या मोटारींबरोबर येणारी अगदी चिमुकली घरं वापरली. चार फुटांचं टेबल त्या दिवशी मैलभर लांब दिसलं.

रंगकामाबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, आणि खरं तर त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. खेळणं आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने घासून धुवायचं. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल आणि वर्षानुवर्षांचा पोरांच्या हातांचा चिकटपणा, दोन्ही जायला हवेत. जुन्या रंगीत पत्र्याच्या खेळण्यांना मी कानस लावत नाही, त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. प्लास्टिक घासायचं ते पाण्यात भिजवून आणि तोंडाला मास्क लावून. थर्माकोलवर स्प्रे मारायचा नाही, तो विरघळून जातो, आधी गोंदाचा हात द्यायचा. गुळगुळीत भिंतीला पांढरा गोंद लावून वर चाळलेली वाळू भुरभुरायची, कारण रंगाला धरायला काहीतरी खरखरीत लागतं.

मग काळा हात. तो वाळला की गंमत सुरू होते. केस फिसकारलेला जुना ब्रश घ्यायचा, करड्या रंगात जेमतेम टेकवायचा आणि वर्तमानपत्रावर इतका पुसायचा की ब्रशला आता काहीच उरलं नाही असं वाटावं. तसा कोरडा ब्रश भिंतीवरून हलक्या हाताने, धूळ झटकल्यासारखा फिरवायचा. पहिल्या दहा-बारा फटक्यांत काही दिसत नाही. तेवढ्यात धीर सुटून माणूस ब्रश पुन्हा रंगात बुडवतो आणि भिंत बिघडते. धीर धरला तर हळूहळू वाळूचा प्रत्येक कण, दगडाची प्रत्येक कड काळोखातून वर यायला लागते. पहाटे खिडकीतून डोंगर दिसायला लागतो तसं. त्यावर फिकट करडा, त्यावर अगदी थोडा पिवळट पांढरा, फक्त वरच्या कडांना. शेवटी पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग, त्यात साबणाचा एक थेंब, म्हणजे तो फटींत आपणहून उतरतो. माझ्या रंगांपैकी बहुतेक सगळे भिंतीच्या रंगाचे नमुन्याचे छोटे डबे आहेत, हार्डवेअरच्या दुकानातले. महागडे रंग सैनिकांसाठी ठेवावेत, डोंगराला ते लागत नाहीत.

एवढं झाल्यावर भिंतीपुढे बसून विचार करायचा: पाऊस कुठून पडतो? पाणी कुठून ओघळतं? कुठल्या खिळ्याखाली गंज उतरेल, कुठल्या कोपऱ्यात ऊन पोचणार नाही आणि शेवाळ धरेल? ज्या दिवशी मी हा प्रश्न विचारायला लागले त्या दिवसापासून माझ्या भिंतींना वय आलं.

जंगलाच्या जमिनीवरचा पाचोळा म्हणून मी चहाचा चोथा वापरते. आमच्या घरी दिवसाला चार वेळा आलं घातलेला चहा होतो, त्यामुळे माल कधी कमी पडत नाही. पहिल्या वेळी मात्र नोव्हेंबरात खिडकीत वाळवलेला चोथा मी कोरडा समजून वापरला आणि झाडं डब्यात भरून ठेवली. महिन्याने झाकण उघडलं तर आठच्या आठ झाडांच्या बुंध्याशी पांढरी लव. सगळी टाकावी लागली. आता चोथा ओव्हनमध्ये मंद आचेवर, मुठीत दाबला की चुरचुरेपर्यंत ठेवते.

या सगळ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त लागलं ते बंदराचं. २०१४-१५ चा अख्खा हिवाळा मी त्यात घातला होता. दोन चाच्यांची जहाजं, शेताच्या सेटमधली क्रेन, टबात सोडायची होडी, आणि कार बूट सेलमध्ये, म्हणजे जुन्या सामानाच्या उघड्यावरच्या बाजारात, पहाटे सहाला टॉर्च लावून शोधलेला लाकडी धक्का. लिंबांच्या जाळीची कोळ्यांची जाळी, मण्यांची पिंपं, मेण लावलेल्या दोऱ्यांचे दोरखंड, सगळ्या शिडांना. लॅबमधून आल्यावर रोज दोन-दोन तास. मला अजूनही वाटतं की नुसतं बघण्यापुरतं ते माझं सगळ्यात सुंदर काम होतं.

गुरुवारी ते मांडलं. हॉलमधले सगळे भोवती जमले, फोटो काढले. मग खेळ सुरू झाला. पहिल्या खेळाडूच्या बाहीत शिडाचा दोरखंड अडकला. दुसऱ्याला धक्क्याच्या टोकावरचा सैनिक उचलता येईना, बोटं जहाज आणि क्रेनच्या मध्ये शिरेनात. छपराच्या उतारावर ठेवलेला एक सैनिक घसरून खाली पडला, त्याची तलवार मोडली. त्या मुलाने तो सैनिक तीन संध्याकाळी बसून रंगवला होता. तो काही बोलला नाही. अर्ध्या तासाने त्यांनी फार अदबीने विचारलं, ही दोन घरं जरा बाजूला ठेवली तर चालेल का? मग जहाज. मग क्रेन. खेळ संपला तेव्हा माझं बंदर भिंतीकडेच्या खुर्च्यांवर होतं आणि टेबलावर ती जुनी हिरवी चादर आणि बिस्किटांचा डबा.

गाडीत मी गप्प होते. मुलगाही. घराच्या वळणाशी आल्यावर तो म्हणाला, "आई, ते दिसायला भारी आहे गं. पण त्यात हात जात नाही."

त्यानंतरचे आठ गुरुवार मी काही केलं नाही. कोपऱ्यात बसून फक्त हात बघितले. लांबचं माप घेताना माणूस डावा तळहात टेबलावर टेकून वाकतो, आणि जिथे टेकतो तिथे माझी झाडं असतात. फासे टाकायला तो नकळत सपाट जागा शोधतो, नसेल तर छपरावर टाकतो. घर उचलायचं झालं तर कोणीही तळापासून उचलत नाही, सगळे छपराला धरतात, म्हणून छप्पर एकतर भक्कम हवं नाहीतर सहज निघणारं. खरी पायरी या मापात तीन मिलीमीटरची होते, पण तिच्यावर २५ मिलीमीटरची चकती उभी राहत नाही. म्हणून चार पायऱ्यांनंतर तीन सेंटिमीटरचा एक चौथरा द्यायचा. दोन घरांच्या मध्ये चार बोटं जातील एवढी गल्ली हवी. टोकदार काही नको, लोंबतं काही नको, डुगडुगणारं काही नको. हे नियम मी कुठेही वाचले नव्हते. आठ गुरुवारांत एका वहीत उतरवले आणि त्यांच्याप्रमाणे बंदर परत बांधलं. दोरखंड गेले, जहाजांपैकी एक गेलं, क्रेन मागच्या कडेला सरकली. त्याचे फोटो कोणी काढले नाहीत. पण गेल्या दहा वर्षांत ते टेबलावरून कधी खाली उतरवावं लागलेलं नाही.

खेळणी आपलं आधीचं आयुष्य बरोबर घेऊन येतात. सुरुवातीला मी ते पुसून टाकायचे. खालच्या बाजूला मार्करने वेडीवाकडी नावं लिहिलेली असतात, कधी वर्ग, कधी फोन नंबर, कधी भावाला दिलेली धमकी. नंबर तेवढा खोडते, बाकी तसंच ठेवते. आता मी खालच्या बाजूला रंग लावतच नाही. एकदा चाच्यांच्या सेटमधली खजिन्याची पेटी उघडली तर आत टिश्यूच्या तुकड्यात गुंडाळलेला एक दुधाचा दात होता. दात हा माझा रोजचा विषय. खालचा, पुढचा, आणि मूळ पार झिजून गेलेलं. म्हणजे आपणहून पडलेला, सहा-सात वर्षांच्या पोराचा. कोणाचा, ते कळायला मार्ग नव्हता. मी तो पुन्हा तसाच गुंडाळला आणि पेटी बंदरातल्या वखारीत, एका पिंपामागे ठेवली. ती तिथेच आहे.

२०१९ साली मुलगा शिकायला ग्लासगोला गेला. मला वाटलं होतं आता हे थांबेल. थांबलं नाही. गुरुवारी मी एकटी जायला लागले, आणि कोपऱ्यातून उठून टेबलापाशी बसायला लागले. मग २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. हॉल बंद, चॅरिटी शॉपं बंद, कार बूट सेल बंद. मुलगा तिकडेच अडकला. हाताला काम हवं म्हणून मी माळ्यावर चढले आणि तिथे त्याचं गॅरेज सापडलं.

तीन मजली खेळण्यातलं गॅरेज. गोल फिरत खाली येणारा रस्ता, छतावर हेलिकॉप्टरची जागा, आणि बाजूला हाताने फिरवायच्या मुठीवर वरखाली होणारी लिफ्ट. तो चार वर्षांचा असताना, आम्ही साताऱ्यात असताना, नवऱ्याने पहिल्या परदेशच्या फेरीवरून आणलेलं. इथे येताना वजन वाचवायला मी भांडी काढून ठेवली होती आणि ते बरोबर आणलं होतं. मी त्याला फोन केला, विचारलं, वापरू का? तो म्हणाला, "काप ना, आई. त्याला काय विचारायचं." मला कापवलं नाही. कापायची गरजही नव्हती. मापात ते नेमकं बसत होतं. एका मजल्याचा कठडा उडवला, गंज उतरवला, खिडक्यांना फळ्या ठोकल्या, गोल रस्त्यावर वाळू आणि कोळशाची पूड. उद्ध्वस्त शहरातलं गॅरेज. लिफ्ट तेवढी हलत होती, तिच्यावर ठेवलेला सैनिक पडत होता. डुगडुगणारं काही नको, हा माझा नियम. मी मुठीच्या दांड्याला सुपरग्लूचे दोन थेंब लावले आणि लिफ्ट पहिल्या मजल्यावर पक्की केली.

नेवार्कला शोग्राउंडवर पार्टिझन नावाचं या खेळाचं प्रदर्शन भरतं. २०२३ साली आमच्या क्लबाने तिथे टेबल मांडलं तेव्हा गॅरेज मधोमध होतं. दुपारी एक तरुण आला, पंचविशीचा असेल. टेबलाकडे बघत उभा राहिला आणि मग त्याने हात पुढे केला. त्याचं बोट सरळ मुठीवर गेलं. शोधत गेलं नाही. मूठ मागच्या बाजूला, फळ्यांच्या आड आहे, समोरून दिसतसुद्धा नाही. त्याने ती फिरवली. ती फिरली नाही.

त्याने चटकन हात मागे घेतला, सॉरी म्हणाला. मग म्हणाला, त्याच्या आजीकडे असंच होतं. मूठ फिरवली की कसा कर्रर्र आवाज यायचा ते तोंडाने करून दाखवलं. आणि लिफ्ट दुसऱ्या मजल्याच्या जरा खाली नेहमी अडकायची, म्हणाला, तिला बोटाने वर ढकलावं लागायचं. मी त्याला सांगितलं की सैनिक पडू नये म्हणून मी ती चिकटवली आहे. "हो, बरोबर आहे," तो म्हणाला. आणखी थोडा वेळ थांबला आणि गेला.

पंधरा-सोळा रंग चढवूनही त्याने ते ओळखलं, याचा मला आनंद व्हायला हवा होता की वाईट वाटायला हवं होतं, ते त्या दिवशी ठरेना. माझे सगळे नियम सैनिक हलवणाऱ्या हातांसाठी होते. हा हातही तितकाच खरा होता आणि तो माझ्याकडे येऊन रिकामा परत गेला होता.

सुपरग्लू थंडीत ठिसूळ होतो. रात्री मी फ्रीजरचा एक कप्पा मोकळा केला, मटार आणि पोळ्यांचं पाकीट वरच्या कप्प्यात कोंबलं आणि गॅरेज आडवं करून आत सरकवलं. सकाळी लॅबला जायच्या आधी बाहेर काढलं. प्लास्टिक इतकं गार होतं की बोटं चिकटत होती. मूठ धरली आणि हळू, अगदी हळू पिळली. कट् असा बारीक आवाज झाला, पांढरी कपची ओट्यावर पडली आणि दांडा सुटला. फिरवायला लागले. कर्रर्र करत लिफ्ट पहिल्या मजल्यावरून निघाली, आणि दुसऱ्या मजल्याच्या जरा खाली अडकली. मी तिला करंगळीने वर ढकललं.